साहित्य संमेलनाचा अध्यक्ष : निवडणूक की निवड?

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• ‘निवड’, ‘निवडणूक’ आणि ‘नेमणूक’ या शब्दांमधील अर्थभेद सांगता येईल.
• अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष ठरविण्याची २०१८ पूर्वीची आणि त्यानंतरची पद्धत स्पष्ट करता येईल.
• थेट लोकमत, मतदारवर्ग आणि संस्थेने केलेली निवड या तीन मार्गांची तुलना करता येईल.
• या प्रश्नावर स्वतःचे मत कारणे देऊन मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, १९४१ साली सोलापुरात मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी वि. स. खांडेकर होते. २००६ साली याच शहरात ७९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्षपद अरण्यजीवनाचे भाष्यकार मारुती चितमपल्ली यांनी भूषविले. चितमपल्ली यांचा जन्म सोलापूरचाच. एक लोकप्रिय कादंबरीकार आणि दुसरा वनाधिकारी म्हणून आयुष्य वेचलेला निसर्गलेखक. दोघांची वाङ्मयीन जातकुळी अगदी वेगळी. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘संमेलनाध्यक्ष’ म्हणून दोघांचीही नोंद एकाच यादीत होते.

ही यादी तुम्ही अभ्यासक्रमात अनेकदा पाहिली असेल. ती पाठ करताना एक प्रश्न सहसा मनात येत नाही : ही नावे ठरविली कोणी? मांडवात बसलेल्या हजारो रसिकांनी ठरविली नाहीत, पुस्तके विकत घेणाऱ्या वा ग्रंथालयातून आणून वाचणाऱ्या वाचकांनीही ठरविली नाहीत. दीर्घकाळ ती सुमारे एक हजार मतदारांनी ठरविली. २०१८ नंतर ती महामंडळाच्या बैठकीत ठरू लागली. ज्या पदाला आपण ‘मराठी सारस्वताचे सर्वोच्च मानाचे पद’ असे सहज म्हणतो, ते देण्याचा अधिकार कोणाला असावा, हा या घटकाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ साहित्यसंस्थांच्या अंतर्गत कारभाराचा नाही. देशाचा राष्ट्रपती, गावाचा सरपंच, नगरपरिषदेचा अध्यक्ष यांच्याबाबतही तो विचारला जातो. म्हणून आपण आधी शब्दांचा, मग पदाचा आणि नंतर पद्धतींचा विचार करू.

२. शब्दांचा विचार

सोलापूर, बार्शी, मंगळवेढा या ज्वारीच्या मुलखात ‘निवडणे’ हे क्रियापद माणसाला प्रथम भेटते ते सुपाजवळ. ज्वारी निवडणे म्हणजे दाण्यांतून खडे, काडीकचरा आणि किडके दाणे वेगळे काढणे. या साध्या क्रियेत दोन गोष्टी गृहीत असतात. निवडणाऱ्याला पारख असते, ही पहिली. जे वगळले ते बाजूला पडलेले दिसते, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

‘निवडणे’ या धातूपासून दोन नामे बनली : ‘निवड’ आणि ‘निवडणूक’. ‘-णूक’ हा प्रत्यय मराठीत क्रियावाचक नामे घडवितो. उदाहरणार्थ, वागणे–वागणूक, मिरवणे–मिरवणूक, नेमणे–नेमणूक, फसवणे–फसवणूक. म्हणजे रूपाच्या दृष्टीने पाहिल्यास ‘निवडणूक’ या शब्दात मतपत्रिका, मतपेटी किंवा बहुमत यांचा कोणताही अंश नाही. हा अर्थ वापराने त्याला चिकटला. आज ‘निवड’ म्हणजे विचारपूर्वक केलेली पसंती आणि ‘निवडणूक’ म्हणजे मतांनी लागलेला निकाल, असा भेद रूढ आहे. ‘नेमणूक’ या तिसऱ्या शब्दात तर वरच्या अधिकाऱ्याने खालच्या व्यक्तीला पद देणे असा भाव आहे.

आता पुढील चार वाक्ये वाचा.

(अ) वाचकांनी अध्यक्ष निवडला.
(आ) महामंडळाने अध्यक्ष निवडला.
(इ) अमुक लेखक अध्यक्षपदी निवडून आले.
(ई) अध्यक्षपदी अमुक लेखकांची निवड झाली.

(अ) आणि (आ) या वाक्यांत निवडणारा कोण हे स्पष्ट आहे. (इ) मध्ये निवडून येणारा लेखकच कर्त्याच्या जागी बसला आहे. मते कोणी दिली हे वाक्य सांगत नाही, पण मते पडली होती हे ‘निवडून आले’ या संयोगातून कळते. (ई) मध्ये निवडणाऱ्याचा पत्ताच नाही. ‘निवड’ हीच वाक्याची कर्ता होऊन बसली आहे आणि ती जणू आपोआप ‘झाली’ आहे. वृत्तपत्रांत संमेलनाध्यक्षाची बातमी बहुधा (ई) सारख्या वाक्यातच येते, आणि त्यात ‘एकमताने’ हे क्रियाविशेषण पडले की चर्चेतील मतभेदही वाक्याबाहेर जातात. भाषेच्या अभ्यासकाने अशा वाक्यासमोर थांबून ‘कोणी निवडले?’ असे विचारावयास हवे.

‘उमेदवार’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो फारसीतून आला असून ‘उमेद बाळगणारा’, ‘आशा धरणारा’ असा त्याचा मूळ अर्थ. निवडणूक असेल तर कोणीतरी उघडपणे आशा धरावी लागते, ती बोलून दाखवावी लागते आणि मते मागावी लागतात. निवडीत उमेदवार नसतो. असतात ती फक्त सुचविलेली नावे. दोन पद्धतींमधील व्यावहारिक भेद पुष्कळसा या एका शब्दात सामावलेला आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) ‘-णूक’ प्रत्यय लागून तयार झालेले, वर न आलेले चार शब्द लिहा.
(२) गेल्या महिन्यातील वृत्तपत्रांतून ‘निवड झाली’ आणि ‘निवडून आले’ असे प्रयोग असलेली प्रत्येकी दोन वाक्ये शोधा व प्रत्येकात निवडणारा कोण ते सांगा.

३. पदाचे स्वरूप

कोणत्या पद्धतीने पद भरावे हे त्या पदाचे काम काय यावर अवलंबून असते. संमेलनाध्यक्षाकडे कार्यकारी अधिकार जवळजवळ नसतात. संमेलनाचे स्थळ ठरविणे, निधी उभारणे, कार्यक्रम आखणे ही कामे महामंडळ, निमंत्रक संस्था आणि स्वागत समिती करतात. अध्यक्षाचे मुख्य काम बोलण्याचे आहे. अध्यक्षीय भाषण हा मराठीतील एक स्वतंत्र गद्यप्रकारच मानावा लागेल. त्यात एखादा लेखक आपल्या काळातील भाषा, साहित्य आणि समाज यांविषयीची भूमिका सर्वांसमक्ष मांडतो. पुढचे संमेलन भरेपर्यंत तो मराठीच्या वतीने बोलणारा मानला जातो.

या बोलण्याला किती वजन असू शकते, हे १९७५ च्या कऱ्हाड संमेलनाने दाखविले. देशात आणीबाणी होती. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे तत्कालीन केंद्रीय मंत्रिमंडळातील एक ज्येष्ठ नेते. अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी त्याच व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. त्यांच्या हाती कोणताही अधिकार नव्हता. होता तो नैतिक अधिकार. संमेलनाध्यक्षपदाचे सामर्थ्य एवढेच आहे, आणि म्हणूनच ते पद कोणाच्या उपकाराने मिळालेले नसावे ही अपेक्षाही रास्त आहे.

संमेलनात कोणाचा आवाज धरला जातो आणि कोणाचा नाही, हा वाद संमेलनाइतकाच जुना आहे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र पाठवून नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या सभांत व ग्रंथांत नाही, त्यांच्यात मिसळून काय साधणार, असा त्या पत्राचा रोख होता. पुढे १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९९९ साली धारावीत विद्रोही साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष कोण निवडतो हा प्रश्न ‘आपण कोणाला मोजतो?’ या मोठ्या प्रश्नाचा एक भाग आहे, हे ध्यानात ठेवावे.

४. मतदारवर्गाची पद्धत

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ साली झाली. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि मुंबई मराठी साहित्य संघ या त्याच्या घटक संस्था. महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थाही समाविष्ट व संलग्न या नात्याने महामंडळाशी जोडलेल्या आहेत. महामंडळाचे कार्यालय ठरावीक मुदतीने एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते.

२०१८ पर्यंत अध्यक्षाची निवडणूक होई. मतदारसंख्या शेवटच्या काळात सुमारे १०७५ होती. प्रत्येक संस्थेच्या वाट्याला ठरावीक मतदार येत आणि त्यांची नावे संस्था आपल्या सभासदांमधून ठरवीत. संमेलनाची निमंत्रक संस्था आणि माजी अध्यक्ष यांनाही मताधिकार असे. उमेदवाराला सूचक व अनुमोदक मिळवावे लागत. मतपत्रिका टपालाने मतदारांच्या घरी जात आणि टपालाने परत येत.

या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. नियम लिखित होते, उमेदवार जाहीर होते, मते मोजली जात आणि निकाल आकड्यांत सांगितला जाई. मतदार महाराष्ट्राच्या सर्व विभागांत आणि बाहेरही विखुरलेले असल्याने एका शहराच्या हाती सारे काही एकवटत नसे. या काळात नारायण सुर्वे (परभणी, १९९५), शांता शेळके (आळंदी, १९९६), विजया राजाध्यक्ष (इंदूर, २००१) असे साहित्यिक अध्यक्ष झाले.

दोषही तितकेच उघड होते. लेखकाने मतदारयादी घेऊन गावोगाव फिरावे, पत्रे पाठवावीत, संस्थाचालकांची मनधरणी करावी, हे अनेकांना मानहानीचे वाटे. एकगठ्ठा मतांची चर्चा दर निवडणुकीत होई. पुष्कळ थोर लेखक या वाटेला गेलेच नाहीत. जे गेले त्यांच्यातील सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण इंदिरा संत यांचे. ‘गर्भरेशीम’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कवयित्रीचा १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत पराभव झाला आणि विनोदी लेखक रमेश मंत्री अध्यक्ष झाले. मंत्री यांच्या लेखनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; पण मतांची बेरीज आणि वाङ्मयीन कर्तृत्व यांचे माप एक नसते, हे त्या निकालाने मराठी वाचकांच्या मनात ठसविले.

५. २०१८ चा बदल

या टीकेला उत्तर म्हणून महामंडळाने २०१८ साली आपल्या घटनेत दुरुस्ती केली आणि निवडणूक बंद केली. आता घटक, समाविष्ट व संलग्न संस्था नावे सुचवितात, महामंडळाच्या बैठकीत त्यांवर चर्चा होते आणि एक नाव ठरते. बडोद्याच्या ९१ व्या संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे निवडणुकीतून आलेले शेवटचे अध्यक्ष. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे झालेल्या ९२ व्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे या नव्या पद्धतीने आलेल्या पहिल्या अध्यक्ष.

त्यानंतर फादर फ्रान्सिस दिब्रिटो (उस्मानाबाद, २०२०), जयंत नारळीकर (नाशिक, २०२१), भारत सासणे (उदगीर, २०२२), नरेंद्र चपळगावकर (वर्धा, २०२३), रवींद्र शोभणे (अमळनेर, २०२४), तारा भवाळकर (दिल्ली, २०२५) आणि विश्वास पाटील (सातारा, २०२६) असा क्रम आहे. हा क्रम नीट पाहा. नारळीकर प्रकृतीमुळे नाशिकच्या मांडवात येऊ शकले नाहीत. मतदारयादी हातात घेऊन ते प्रचाराला निघाले असते अशी कल्पनाही करवत नाही. लोकसंस्कृती आणि स्त्रीजीवन यांच्या अभ्यासात आयुष्य घालविलेल्या तारा भवाळकर यांच्याबद्दलही तेच म्हणता येईल. आणखी एक गोष्ट : २०१९ पूर्वी कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष अशा चारच स्त्रिया अध्यक्ष झाल्या होत्या, नव्या पद्धतीतील पहिल्या आठ अध्यक्षांमध्ये दोन स्त्रिया आहेत. शोभणे यांचे उदाहरण तर दोन्ही पद्धतींना जोडणारे आहे. ९१ व्या संमेलनाच्या निवडणुकीत ते उमेदवार होते आणि पराभूत झाले; ९७ व्या संमेलनासाठी त्यांची निवड झाली. लेखक तोच, माप बदलले.

मग प्रश्न सुटला काय? एका अंगाने सुटला, दुसऱ्या अंगाने अधिक अवघड झाला. इंदिरा संत हरल्या हे आपल्याला ठाऊक आहे, कारण निवडणूक झाली होती. त्या निकालावर गेली तीन दशके चर्चा होऊ शकली, ती पराभवाची नोंद असल्यामुळेच. आज बैठकीत कोणाची नावे आली, कोणते नाव कोणत्या कारणाने मागे पडले, याची वाचकाला अधिकृत माहिती मिळत नाही. जुन्या पद्धतीचे दोष चव्हाट्यावर दिसत. नव्या पद्धतीत दोष असलाच तर तो बंद दाराआड राहतो. सुपातली ज्वारी निवडली गेली, पण बाजूला काय काढले ते दिसत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) मतदारवर्गाच्या पद्धतीचे दोन गुण आणि दोन दोष सांगा.
(२) ‘पराभवाची नोंद’ ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला का महत्त्वाची वाटेल?

६. तुलनेसाठी तीन उदाहरणे

साहित्यसंस्थांच्या बाहेर पाहिले तर हाच पेच मोठ्या प्रमाणावर दिसतो.

(अ) भारताचा राष्ट्रपती : संविधानाच्या अनुच्छेद ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून निर्वाचकगण बनतो व तो राष्ट्रपती निवडतो. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढले जाते. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी आणि पुन्हा १००० ने भागले की १७५ हे मूल्य येते. म्हणजे २८८ आमदारांचे मिळून ५०,४०० मूल्य. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या त्या याच रीतीने. संविधानसभेत के. टी. शाह यांनी राष्ट्रपती थेट प्रौढ मताधिकाराने निवडावा, अशी सूचना मांडली होती. तिला विरोध करणाऱ्यांचा, त्यात पंडित नेहरूंचाही, मुद्दा असा होता की खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे राहणार असताना राष्ट्रपतीला साऱ्या देशाच्या मतांनी निवडणे विसंगत ठरेल. उपराष्ट्रपतिपदाचा निर्वाचकगण आणखी लहान असतो. त्यात फक्त संसद सदस्य असतात. २००२ साली सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे त्या पदाचे उमेदवार होते आणि भैरोसिंह शेखावत यांच्याकडून पराभूत झाले. त्या निवडणुकीत सामान्य सोलापूरकराला मत नव्हते.

(आ) अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष : तेथे नागरिक मतदान करतात, पण औपचारिक निवड ५३८ निर्वाचक करतात, विजयासाठी २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्याला अधिक मते त्याला त्या राज्याचे सारे निर्वाचक मिळतात. त्यामुळे २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मते मिळविणारा उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. प्रचंड कार्यकारी सत्ता असलेल्या पदावर असा निकाल लागतो, म्हणून तेथे थेट लोकमताची मागणी पुनःपुन्हा होते.

(इ) गावाचा सरपंच : हे उदाहरण तुमच्या परिचयाचे असेल. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची थेट निवडणूक सुरू झाली, २०२० साली ती बंद झाली आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाली. सरपंच थेट लोकांनी निवडला तर तो सदस्यांच्या घोडेबाजारापासून मुक्त राहतो, असे एक म्हणणे. सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे असेल तर गावाचा कारभार अडतो, असे दुसरे.

या तीन उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. पदाकडे सत्ता जितकी अधिक, तितका थेट लोकमताचा आग्रह योग्य. पद जितके मानाचे आणि सत्ताविरहित, तितकी मध्यस्थांमार्फत होणारी निवड समर्थनीय. या कसोटीवर संमेलनाध्यक्षपद राष्ट्रपतिपदाच्याही पलीकडे, मानाच्या टोकाला आहे.

परंतु साम्य येथेच संपते. आमदार राष्ट्रपतीसाठी मत देतो, पण त्या आमदाराला तुम्ही मत दिलेले असते. त्याचे वागणे पटले नाही तर पाच वर्षांनी त्याला घरी बसविता येते. नागरिक–आमदार–राष्ट्रपती अशी ही साखळी अखंड आहे. संमेलनाच्या बाबतीत संस्था–मतदार–अध्यक्ष अशी साखळी होती आणि आता संस्था–बैठक–अध्यक्ष अशी आहे. तिच्या पहिल्या कडीत सामान्य वाचक तेव्हाही नव्हता आणि आताही नाही.

७. भाषेची मतदारयादी

मग सर्व मराठी भाषकांनीच थेट मतदान करून अध्यक्ष निवडावा काय? कल्पना आकर्षक आहे. तिची अडचण खर्चाची किंवा यंत्रणेची आहे असे वरवर वाटते. खरी अडचण भाषेच्या स्वरूपातच आहे.

थेट मतदानाला मतदारयादी लागते. राज्याची यादी वय, नागरिकत्व आणि वास्तव्य यांवरून करता येते. भाषेची यादी कशावरून करावयाची? २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा नोंदविणारे सुमारे ८.३ कोटी लोक होते. त्यांत ज्यांनी कधी मराठी पुस्तक उघडले नाही असेही पुष्कळ आहेत. उलट सोलापूर शहरातच पाहा. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी, पण मराठी शाळेत शिकलेली, मराठी वाचणारी आणि लिहिणारी असंख्य माणसे येथे आहेत. जनगणनेच्या रकान्यात ती मराठी भाषक नाहीत. मराठी वाचकांच्या समाजात मात्र ती आहेत. अशा वाचकाला मत द्यावयाचे की नाही? बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, परदेश येथील तिसऱ्या पिढीचे काय? भाषिक समाजाला सीमा असतात, पण त्या कुंपणासारख्या नसतात. एक माणूस एकाच वेळी दोन-तीन भाषिक समाजांचा सभासद असू शकतो. म्हणून भाषेची मतदारयादी करू गेल्यास प्रथम ‘खरा मराठी कोण?’ हा वाद पेटेल, आणि साहित्याच्या नावाने असा वाद पेटविणे कोणाच्याच हिताचे नाही.

दुसरी अडचण मापाची. कोट्यवधींच्या मतदानात प्रसिद्धी मोजली जाईल. प्रसिद्धी हा दोष नव्हे; खांडेकर अफाट लोकप्रिय होते. पण लोकसाहित्याची अभ्यासक, कोशकार, भाषांतरकार किंवा मोजके लिहिणारा कवी यांचे नाव अशा मोजणीत वर येण्याचा संभव फार थोडा.

८. मूल्यमापन

आतापर्यंतच्या विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतो. संमेलनाध्यक्षपदासाठी थेट लोकमत हा मार्ग योग्य नाही, कारण पद सत्तेचे नाही आणि भाषेची मतदारयादी करता येत नाही. कोणीतरी मध्यस्थ लागणारच. हजार मतदारांचा मध्यस्थ हवा की बैठकीतील मोजक्या सभासदांचा, हा यापुढे दुय्यम प्रश्न ठरतो. मुख्य प्रश्न असा की हा मध्यस्थ वाचकांना उत्तर देण्यास बांधलेला आहे काय?

मतदानाच्या पद्धतीत एक मोठी सवलत असते. मतदाराला कारण सांगावे लागत नाही. मत गुप्त असते आणि आकडा हेच उत्तर असते. निवड करणाऱ्या संस्थेला ही सवलत घेता येणार नाही. ‘आम्ही मते मोजत नाही, गुणवत्ता पाहतो’ असे जो म्हणतो, त्याने कोणती गुणवत्ता पाहिली हे सांगण्याची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे. निवडणूक बंद करण्याचे नैतिक समर्थन या जबाबदारीवरच उभे आहे. संमेलनाला सार्वजनिक निधीचेही साहाय्य मिळत असल्याने ही अपेक्षा अवाजवी नाही.

व्यवहारात याचा अर्थ दोन गोष्टी. पहिली, निवडीबरोबर एक लेखी निवेदन प्रसिद्ध व्हावे : विचारासाठी कोणत्या निकषांचा आधार घेतला, आणि या लेखकाच्या कोणत्या कार्यासाठी हा मान दिला जात आहे. मागे पडलेल्यांची नावे उघड केल्याने त्या लेखकांची विनाकारण अवहेलना होईल, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पण निकष जाहीर करण्याने कोणाचीच अवहेलना होत नाही. आणि काही वर्षांनी बैठकांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली केली तर वाङ्मयेतिहासाचे साधनही जपले जाईल. दुसरी गोष्ट, नावे सुचविण्याचा अधिकार साहित्यसंस्थांपुरता राहू नये. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे खेडोपाडी पसरले आहे. वाचक जेथे प्रत्यक्ष नोंदलेला आहे अशी ही एकमेव जागा. सोलापूरचे हिराचंद नेमचंद वाचनालय असो की एखाद्या वाडीवरचे दोन कपाटांचे ग्रंथालय असो, त्यांच्या वाचकसभेने नाव सुचवावे आणि अंतिम निर्णय महामंडळाने घ्यावा. अशा व्यवस्थेत मते मागत फिरण्याची नामुष्की लेखकावर येणार नाही आणि साखळीच्या पहिल्या कडीत वाचकाला जागा मिळेल.

याविरुद्ध मत असू शकते. पारदर्शकतेसाठी निवडणूकच परत आणावी आणि मतदारसंख्या दहा हजारांवर न्यावी, असे कोणी म्हणेल. अध्यक्षपदच नको, भाषणासाठी दरवर्षी एका लेखकाला बोलवावे, असेही कोणी म्हणेल. या मतांनाही कारणे आहेत. परीक्षेतील उत्तरात तुम्ही कोणती बाजू घेता याला गुण नसतात. ती कोणत्या कारणांनी उभी करता, याला असतात.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून ही पदवी घेत आहेत. दिवसाचे काम आटोपून रात्री पुस्तक उघडणारा वाचक कोणत्याही संस्थेच्या सभासद-यादीत नसतो, पण मराठी साहित्य टिकले आहे ते त्याच्यामुळे. पुढील वर्षी संमेलनाध्यक्षाचे नाव जाहीर होईल, तेव्हा बातमीतील वाक्याचा कर्ता शोधा. त्या लेखकाचे एक पुस्तक जवळच्या ग्रंथालयातून आणून वाचा आणि ही निवड तुम्हांला पटते की नाही, ते चार ओळींत वहीत लिहून ठेवा. वाङ्मयीन मूल्यमापनाचा अभ्यास येथून सुरू होतो.

९. सारांश

‘निवड’ आणि ‘निवडणूक’ हे शब्द एकाच धातूपासून आले असले तरी वापरात त्यांचे अर्थ वेगळे झाले आहेत. संमेलनाध्यक्ष २०१८ पर्यंत सुमारे एक हजार मतदारांच्या निवडणुकीने आणि त्यानंतर महामंडळाच्या निवडीने ठरू लागला. पहिल्या पद्धतीत प्रचाराची मानहानी होती, पण नोंद होती. दुसरीत लेखकाचा मान राखला जातो, पण कारणे अप्रकट राहतात. भाषिक समाजाची मतदारयादी करता येत नसल्याने थेट लोकमताचा मार्ग बंद आहे. म्हणून निवड करणाऱ्यांचे उत्तरदायित्व हा या प्रश्नाचा गाभा ठरतो.

१०. पारिभाषिक शब्द

निर्वाचकगण : एखाद्या पदाची निवडणूक करण्यासाठी मताधिकार दिलेल्या ठरावीक व्यक्तींचा समूह.
घटक संस्था : महामंडळ जिच्या सहभागाने बनले आहे अशी मूळ साहित्यसंस्था.
भाषिक समाज : एखादी भाषा समान व्यवहारासाठी वापरणाऱ्या लोकांचा समूह, यात ती मातृभाषा नसणारेही येतात.
उत्तरदायित्व : घेतलेल्या निर्णयाची कारणे संबंधितांना सांगण्याचे बंधन.

११. स्वाध्याय

(१) संमेलनाध्यक्ष ठरविण्याच्या २०१८ पूर्वीच्या व नंतरच्या पद्धतींची तुलना करा.
(२) ‘भाषेची मतदारयादी करता येत नाही’ या विधानाची तुमच्या परिसरातील उदाहरणांनी चर्चा करा.
(३) राष्ट्रपती आणि संमेलनाध्यक्ष या पदांच्या निवडप्रक्रियेतील साम्य व भेद लिहा.
(४) क्षेत्रीय कार्य : जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयातील दहा वाचकांना ‘पुढील संमेलनाध्यक्ष म्हणून तुम्ही कोणाचे नाव सुचवाल आणि का?’ असे विचारा. त्यांनी दिलेल्या कारणांचे वर्गीकरण करून दोन पानांचा अहवाल लिहा.